सहा किलोमीटरचा टप्पा आणि विमानाचे भाडे

दारव्ह्याच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला भाड्याचे गणित शिकवावे लागत नाही. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालते. जितके टप्पे तितके पैसे. यवतमाळ जवळ म्हणून तिकीट कमी, नागपूर लांब म्हणून जास्त. अर्ध्या तिकिटावरच्या बायका आणि फुकट प्रवास करणारे पंचाहत्तरीपुढचे आजोबा सोडले, तर गाडीतल्या प्रत्येकाने सारख्या अंतराला सारखेच पैसे मोजलेले असतात. सवलती कुणाला आणि का, हेही सगळ्यांना ठाऊक असते. याच गावातून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटर धावणारी शकुंतला रेल्वे होती, तेव्हा तिचे भाडेही असेच होते. किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचवण्यासाठी ती अरुंद रेल्वे घातली, पण गाठोड्याचे भाडे काय आणि माणसाचे काय, ते मैलावरच ठरायचे.

विमानाच्या दारात ही समजूत बाहेर ठेवावी लागते. अंतराचा भाड्याशी संबंध असतो, पण तो दूरच्या नातेवाइकासारखा. लग्नाला हजर, निर्णयात नाही.

याचे आपल्या राज्यातले सर्वांत बोलके उदाहरण हज यात्रेचे आहे. हज समिती दर वर्षी निघण्याच्या ठिकाणानुसार विमानभाडे जाहीर करते. तेव्हाच्या औरंगाबादहून जेद्दाहला जाणाऱ्याचे भाडे मुंबईहून जाणाऱ्यापेक्षा खूपच जास्त असायचे. औरंगाबाद मुंबईच्या पूर्वेला तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे एकूण प्रवासाच्या मानाने किरकोळ फरक. तरीही भाड्यातली तफावत त्या अंतराच्या कितीतरी पट. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हजचे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले आणि २०१८ मध्ये ते पूर्ण थांबले. अनुदान असेपर्यंत ही तफावत यात्रेकरूला तितकीशी टोचत नव्हती. ते गेल्यावर मात्र औरंगाबादसारख्या महाग केंद्रांतल्या यात्रेकरूंना मुंबईहून निघण्याचा पर्याय द्यावा लागला. लहान विमानतळावर ठरावीक दिवसांत ठरावीक विमाने आणायची, येताना-जाताना एक फेरी रिकामी उडवायची आणि स्पर्धेला दुसरे कुणी नाही, हा सगळा खर्च त्या भाड्यात असतो. नकाशावरून तो दिसत नाही.

भाडे पहिल्यापासून असे लहरी नव्हते. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा एका बाजूचे तिकीट १,७२० रुपये होते. त्या काळी सोने तोळ्याला शंभराच्या घरात. म्हणजे नुसते जायलाच पंधरा तोळ्यांच्या पुढे सोने मोडायचे. आजच्या कुठल्याही इकॉनॉमी तिकिटाशी ही तुलना करून पाहा. विमानप्रवास किती स्वस्त झाला आहे हे कळायला दुसरा आकडा लागणार नाही.

तेव्हा भाडी ठरवायची ती ‘आयाटा’. १९४५ मध्ये हवानात स्थापन झालेली ही विमान कंपन्यांची संघटना सदस्यांच्या बैठका घेऊन प्रत्येक मार्गाचे भाडे बांधून द्यायची. कुठल्याही कंपनीने जा, पैसे तेवढेच. मग गिऱ्हाईक ओढायचे कसे? जेवणावर. तेही बांधून टाकले आणि अटलांटिकवरच्या स्वस्त वर्गाला फक्त सँडविच द्यायचे ठरले. १९५८ मध्ये स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने तिकडच्या पद्धतीने उघड्या पावावर मांस, चीज, भाज्या रचून भरगच्च सँडविच वाढले. पॅन अ‍ॅम कंपनीने तक्रार केली की हे सँडविच नव्हे, हे तर जेवण आहे! त्यावर रीतसर सुनावणी झाली आणि दंडही झाला. हसू येते खरे, पण त्या व्यवस्थेत प्रवाशाला एक गोष्ट नक्की मिळत होती. आपल्याला जास्त पडले की कमी, या विचाराने त्याची झोप उडत नव्हती.

ही घडी सत्तरच्या दशकात विस्कटली. फ्रेडी लेकर नावाच्या इंग्रज गृहस्थाने सप्टेंबर १९७७ मध्ये लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंडात नेणारी ‘स्कायट्रेन’ सुरू केली. पुढच्या वर्षी अमेरिकेने आपल्या देशांतर्गत विमानसेवेवरचे भाडेनियंत्रण कायद्याने उठवले. मोठ्या कंपन्यांपुढे पेच पडला. स्वस्तात विकले नाही तर खुर्च्या रिकाम्या उडतात, सगळ्यांना स्वस्तात विकले तर धंदा बुडतो. उत्तर आधीच तयार होते. एका ब्रिटिश विमान कंपनीत काम करणाऱ्या केनेथ लिटलवूड यांनी १९७२ मध्ये एक साधा नियम मांडला होता. स्वस्त तिकीट मागणाऱ्याला खुर्ची तोवरच विकावी, जोवर तिची रक्कम ही पुढे येऊ शकणाऱ्या महागड्या गिऱ्हाइकाच्या अपेक्षित रकमेपेक्षा जास्त आहे. म्हणजे उद्या गरजू माणूस येण्याची शक्यता किती, आणि तो किती देईल, याचा गुणाकार करा आणि आजच्या गिऱ्हाइकाला हो किंवा नाही म्हणा. अमेरिकन एअरलाइन्सने ऐंशीच्या दशकात हा नियम संगणकावर चढवला, आणि त्यातून तीन वर्षांत सुमारे १४० कोटी डॉलर जास्त मिळाले असे कंपनीच्याच तज्ज्ञांनी पुढे लिहून ठेवले. आज तुमच्या मोबाइलवर दर काही तासांनी हलणारा भाव म्हणजे लिटलवूडचा तोच गुणाकार आहे.

तो चालतो असा. विमानात इकॉनॉमी एकच दिसते, पण विक्रीच्या संगणकात तिचे दहा-बारा कप्पे असतात. त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे असतात. वाय, बी, एम, एच, क्यू अशी. खुर्ची तीच, जेवण तेच, भाव आणि अटी वेगळ्या. स्वस्त कप्प्यातल्या जागा संपल्या की वरचा कप्पा उघडतो. यातूनच एक गंमत होते आणि कुटुंबाने प्रवास करणाऱ्यांना ती महागात पडते. समजा, सर्वांत खालच्या कप्प्यात तीनच जागा उरल्या आहेत आणि तिथे भाव ४२ हजार आहे. वरच्या कप्प्यात ४७ हजार. तुम्ही चौघांसाठी शोध घेतला, तर एका बुकिंगला सगळ्यांना एकच कप्पा लागतो म्हणून संगणक चौघांनाही ४७ हजार सांगतो. तिघांचे वेगळे आणि एकाचे वेगळे तिकीट काढले असते तर १५ हजार वाचले असते. म्हणून कितीही जण जाणार असले, तरी पहिला शोध एकट्या माणसासाठी घ्यावा. मग दोघांसाठी, मग सगळ्यांसाठी. भाव कुठे उडी मारतो ते दिसते. दोन बुकिंग झाली तर कंपनीला फोन करून ती एकमेकांना जोडून घ्यावीत, म्हणजे विमान रद्द झाले तर कुटुंबाची ताटातूट होत नाही.

लिटलवूडचा नियम कळला की गावोगाव पसरलेल्या अर्ध्या समजुती आपोआप गळून पडतात. शेवटच्या क्षणी तिकीट स्वस्त मिळते, ही त्यातली पहिली. घाईने जाणारा माणूस हेच तर कंपनीचे महागडे गिऱ्हाईक; त्याच्यासाठीच जागा राखलेली असते. मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढावे, ही दुसरी. तिकीट कुठल्या वारी काढता याला फारसा अर्थ नाही, कुठल्या वारी उडता याला आहे. शुक्रवार-शनिवारऐवजी मंगळवार-बुधवारचे उड्डाण बहुधा स्वस्त असते, कारण त्या दिवशी कमी लोक जातात. तिसरी समजूत, एकाच मार्गाचा भाव पुन्हा पुन्हा पाहिला की कंपनी ओळखते आणि वाढवते. होते ते निराळे. शोध घेणारी संकेतस्थळे बऱ्याचदा काही वेळापूर्वी साठवलेला भाव दाखवतात. तुम्ही पैसे भरायला जाता तेव्हा खरा भाव समोर येतो, आणि मधल्या वेळात कप्पा संपलेला असतो. कंपनीने तुमच्यावर डूख धरलेला नसतो.

विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधी विक्री उघडतात. एवढ्या लवकर धाव घेऊन फायदा क्वचितच होतो. परदेशी प्रवासासाठी गर्दी नसलेल्या काळात दोन ते चार महिने आणि गर्दीच्या काळात पाच-सहा महिने आधी, हा ढोबळ अंदाज बरा ठरतो. गूगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता उघडून जाण्या-येण्याच्या तारखा दोन-तीन दिवस इकडेतिकडे हलवून पाहा, भावाची सूचना लावून ठेवा आणि दोन आठवडे त्या मार्गाचा साधा भाव काय असतो ते नजरेत बसू द्या. तो माहीत नसेल तर स्वस्त कशाला म्हणायचे? आणि एकदा पटण्यासारखा भाव दिसला की घेऊन मोकळे व्हा. आणखी हजार रुपयांसाठी थांबून दहा हजार घालवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता दारव्ह्याकडे येऊ. इथून परदेशी जायचे दरवाजे तीन. सुमारे १९० किलोमीटरवर नागपूरचे सोनेगाव, चारशे किलोमीटरच्या पुढे हैदराबादचे शमशाबाद, आणि मुंबई. यवतमाळला जवाहरलाल दर्डा यांच्या नावाची धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान तिथून उडत नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. विमान लहान एटीआर, त्यामुळे सामानाचा विचार आधी करावा.

नागपूरहून आंतरराष्ट्रीय सेवा मोजक्याच. एअर अरेबिया शारजाहला नेते, कतार एअरवेज दोह्याला. दोन्ही कंपन्यांना नागपूरच्या माणसाला शारजाह किंवा दोहा दाखवण्यात रस नाही. त्यांना तो पुढे हवा असतो. तुम्हाला त्यांच्या गावी उतरवायचे आणि तिथूनच दुसऱ्या विमानात बसवून शिकागोला पोचवायचे, या धंद्याला विमान वाहतुकीच्या भाषेत सहावे स्वातंत्र्य म्हणतात. एमिरेट्स १९८५ मध्ये निघाली, कतार एअरवेज त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, आणि दोघींनीही याच धंद्यावर साम्राज्ये उभी केली. अट एवढीच, की दोन देशांच्या सरकारांनी आधी करार करून जागा वाटून घ्याव्या लागतात. भारत आणि दुबई यांच्यात आठवड्याला प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना सुमारे ६६ हजार जागा, ही मर्यादा २०१४ पासूनची. दुबईला ती वाढवून हवी आहे, आपले सरकार आपल्या कंपन्यांना वाढू द्यावे म्हणून हात आखडता घेते. गर्दी वाढली, जागा तेवढ्याच राहिल्या, म्हणून दुबईचे भाडे सुट्टीत आभाळाला भिडते. करारात कुठल्या शहरांत उतरायचे त्यांची नावेही लिहिलेली असतात. एमिरेट्सचे विमान नागपूरला येत नाही त्यामागे प्रवासी कमी हे एक कारण असेल, पण दिल्लीच्या फायलीतले हे कागद अधिक जड आहेत असे माझे मत आहे. पुण्याचे पाहा. अमेरिकेत निम्मे आयुष्य घालवलेली माणसे ज्या शहराच्या प्रत्येक सोसायटीत आहेत, तिथून अमेरिकेला थेट विमान नाही. धावपट्टी आखूड आणि हवाई दलाची, हे तिथले कारण.

मुंबईला आणि हैदराबादला स्पर्धा आहे. १ जुलै २०२५ रोजी इंडिगोने मुंबईहून थेट मँचेस्टरला विमान सुरू केले. एखाद्या मार्गावर नवी कंपनी उतरली की जुन्या कंपन्याही काही महिने भाव पाडतात, म्हणून अशा बातम्यांवर लक्ष ठेवावे. उलटही होते. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. एअर इंडियाच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. परदेशी कंपन्या मात्र सरळ जात राहिल्या. कुणाचा वेळ वाढला आणि कुणाचा नाही, हे तिकीट घेताना प्रवासाचे एकूण तास पाहिले की लगेच कळते.

तर मग स्वस्त कुठून? इथे दारव्हेकराने एक सवय लावून घ्यावी. तिकिटाची तुलना मुंबईपासून न करता घराच्या उंबऱ्यापासून करावी. समजा, आईवडील मुलाकडे न्यू जर्सीला निघाले आहेत. मुंबईहून जाऊन-येऊन माणशी ८५ हजार दिसतात, नागपूरहून दोहामार्गे ९५ हजार. दोघांचे २० हजार वाचले म्हणून मुलगा अमेरिकेतून मुंबईचे तिकीट काढून टाकतो. आता इकडचा हिशेब मांडा. कारंज्याजवळून समृद्धी महामार्गावर चढून गाडीने मुंबई, नाहीतर बडनेऱ्याला जाऊन विदर्भ एक्सप्रेस. आंतरराष्ट्रीय विमान चुकायला नको म्हणून एक दिवस आधी पोचणे, विमानतळाजवळ मुक्काम, टॅक्सी, चार मोठ्या बॅगा चढवायला-उतरवायला सोबत कुणीतरी भाचा-पुतण्या, त्याचे परतीचे तिकीट. पाच-सहा महिन्यांनी परत येताना हेच पुन्हा. २० हजारांतले पंधरा कुठे गेले ते कळणारही नाही. उरलेल्या पाच हजारांसाठी सत्तरीच्या माणसांना आणखी दोन रात्री प्रवासात काढायला लावणे मला पटत नाही. व्हीलचेअरची मदत तिकिटाबरोबरच फुकट नोंदवता येते. नागपूरला ती घेतली की दोह्यात विमान बदलण्याचीही धास्ती उरत नाही. एकटा विद्यार्थी असेल, पाठीवर ओझे वाहण्याचे वय असेल, स्लीपरचे आरक्षण असेल, तर मात्र मुंबईच बरी. आणि चौघांचे कुटुंब घरच्या गाडीने निघणार असेल तर पांढरकवडा-आदिलाबाद रस्त्याने हैदराबादचा भाव पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये. इकडची मंडळी मुंबईकडे डोळे लावून बसतात आणि शमशाबादला विसरतात. तिथून एमिरेट्स, कतार, सिंगापूर, ब्रिटिश एअरवेज अशा कंपन्या जातात.

नागपूरसाठी आणखी एक बारकावा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. मोठ्या कंपन्या देशातल्या अनेक शहरांना एकाच भाड्याच्या गटात टाकतात. एअर इंडियाचे दिल्ली-लंडन आणि नागपूर-दिल्ली-लंडन यांचे भाडे कधी कधी जवळजवळ सारखे निघते, क्वचित नागपूरचेच कमी. नागपूरचा माणूस दुसऱ्या कंपनीने जाऊ नये, म्हणून नागपूर-दिल्लीचा तुकडा जवळपास फुकट जोडून देतात. हे न पाहता लोक दिल्लीहून लंडनचे तिकीट घेतात आणि नागपूर-दिल्लीचे वेगळे. यात पैशाचे नुकसान तर होतेच, बॅगेचेही होते. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर सामान बहुधा १५ किलोच चालते. अमेरिकेच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा मिळत असतील, तर वेगळ्या तिकिटावर दिल्लीपर्यंतच ३१ किलोचे जादा पैसे भरावे लागतात. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर आंतरराष्ट्रीय सामानाचा नियम नागपूरपासून लागू होतो.

वेगवेगळी तिकिटे जोडून स्वस्तात प्रवास करण्याचे वेड तरुणांत आहे. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण त्यातली जोखीम कुणाच्या माथी आहे ते कळले पाहिजे. एकाच तिकिटावर पहिले विमान धुक्यात अडकले आणि पुढचे चुकले, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. २३ जून २०२५ रोजी कतारने काही तासांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दोह्यामार्गे जाणाऱ्या हजारो लोकांचे पुढचे प्रवास विस्कटले. अशा वेळी एका तिकिटावरचा प्रवासी रांगेत उभा राहून नवे विमान मागू शकतो. दोन तिकिटे असलेला दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने फक्त ‘आला नाही’. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यातून दोन तिकिटांचा प्रवास आखणे हा तर जुगार आहे. शिवाय बॅगा मध्ये उतरवून पुन्हा द्यायच्या म्हणजे त्या देशात प्रवेश करावा लागतो, आणि त्यासाठी व्हिसा. अमेरिकेत नुसते विमान बदलायलाही व्हिसा लागतो. ब्रिटनमार्गे जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकालाही काही अपवाद सोडले तर ट्रान्झिट व्हिसा लागतो. कॅनडाचे स्वस्त तिकीट सापडले म्हणून आनंदाने घेतले आणि ते न्यूयॉर्कमार्गे होते, असे झाले तर विमानतळाच्या काउंटरवरूनच परत फिरावे लागते.

तिकिटाचा पहिला तुकडा मुद्दाम सोडून देण्याची युक्तीही ऐकायला मिळते. बहुतेक मोठ्या कंपन्यांत एक तुकडा वापरला नाही की पुढचे सगळे तुकडे रद्द होतात. नागपूर-मुंबई-लंडन असे तिकीट काढून मुंबईला रेल्वेने गेलात आणि थेट लंडनच्या विमानाला हजर झालात, तर तुमची जागा शिल्लक नसते.

हंगामाचे गणित मराठी घरांना अर्धे माहीत असतेच. दिवाळी, नाताळ आणि मे महिना महाग. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांची अमेरिकेकडे रीघ लागते, तेव्हाही महाग. फेब्रुवारी-मार्चचा पहिला भाग आणि पितृपक्षाच्या आसपासचे दिवस बहुधा उतरलेले असतात. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन तिथे दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात भरते. तिथल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते, म्हणून तारीख सोयीची, पण इथून जाणाऱ्या कलाकारांना आणि पाहुण्यांना भाडे चढ्या हंगामातले. ज्यांना जमेल त्यांनी अशा वेळी मे महिना टाळून एप्रिलच्या पूर्वार्धातच निघावे.

आईवडिलांच्या प्रवासात आणखी एक खाच आहे. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर बहुधा सहा महिने राहू देतात, आणि आपली मंडळी ते पुरेपूर वापरतात. स्वस्त भाड्याला मात्र जास्तीत जास्त मुक्कामाची अट असू शकते. तीन महिने, सहा महिने किंवा वर्ष. मुलगा परतीची तारीख ‘सध्या कुठलीही टाका, नंतर बदलू’ म्हणतो. बदलताना शुल्क वेगळे आणि भाड्यातला फरक वेगळा. नातवंडाच्या आगमनासाठी जाणार असाल तर तारीख बदलणार हे धरूनच चाला आणि बदलाची सोय असलेला वरचा कप्पा घ्या. तो शेवटी स्वस्त पडतो. लहान मूल सोबत असेल तर त्याचे वय परतीच्या दिवशी किती असेल ते पाहा. दोन वर्षांखालच्या बाळाचे भाडे नाममात्र, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. वाटेत दुसरा वाढदिवस आला तर परतीला पूर्ण खुर्ची घ्यावी लागते.

तिकीट एजंटकडून काढावे की स्वतः? अमेरिका-युरोपचे साधे जाऊन-येऊन तिकीट असेल, तर संकेतस्थळावर शोधावे आणि कंपनीच्याच साइटवर काढावे. दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील. काही बिघडले तर बोलायला एकच दार असते. अमेरिकेत थेट कंपनीकडून घेतलेले तिकीट, प्रवासाच्या तारखेला किमान सात दिवस अवकाश असेल तर, २४ तासांत फुकट रद्द करता येते असा तिथला नियम आहे. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) अशी मुदत दिली आहे. तिच्या अटी तिकीट काढण्याआधी वाचाव्यात. भारतीय कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरताना बँक दोन ते साडेतीन टक्के जास्त लावते, तेही धरायचे.

उमरा आणि आखातातल्या नोकऱ्यांच्या प्रवासात मात्र बहुधा एजंटकडेच जावे लागते, कारण तिथे गटाच्या जागा चालतात. एजंट विमान कंपनीकडून पन्नास-शंभर जागा अनामत भरून आधीच घेऊन ठेवतो. त्याला त्या परत करता येत नाहीत. गट भरला नाही तर निघायच्या आठवड्यात तो त्या पडेल भावाने काढतो. शेवटच्या क्षणी स्वस्त मिळाल्याच्या ज्या खऱ्या गोष्टी ऐकू येतात, त्या बहुधा अशाच जागांच्या. पण नुसत्या पीएनआरवर विश्वास ठेवू नका. पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवल्याची नोंद. तिकीट खरोखर निघाले असेल तर त्यावर १३ अंकी तिकीट क्रमांक असतो. पहिले तीन अंक कंपनीचे; एअर इंडियाचे ०९८, कतार एअरवेजचे १५७, एमिरेट्सचे १७६. पैसे देण्याआधी तो क्रमांक मागा आणि कंपनीच्या साइटवर टाकून पाहा. क्रमांक द्यायला एजंट टाळाटाळ करत असेल तर तुमच्या हातातला कागद व्हिसाच्या अर्जाला जोडायला उपयोगी असेल, विमानात बसायला नाही.

आणि नाव तपासा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे असतात. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र आणि आडनाव वेगळे छापलेले असते. जुन्या पिढीतल्या काहींच्या पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी आहे. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटक आणि भेटीच्या व्हिसावर अशा एकाच नावाच्या प्रवाशांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सुनेचे तिकीट सासरच्या नावाने आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा, हा घोळ तर नेहमीचा. स्वस्त तिकिटावर नाव बदलून मिळत नाही, नवे तिकीट काढावे लागते. तेव्हा पैसे भरायच्या आधी पासपोर्ट कपाटातून बाहेर काढा, समोर ठेवा आणि त्यावर जसे छापले आहे तसेच, एकेक अक्षर जुळवून नाव भरा.